मुक्कामाची गाडी : निवासी विद्यापीठ, संलग्न विद्यापीठ आणि आपला अप-डाऊन

आज गोंडपिपरीत बोलायचं होतं, म्हणून आम्ही सकाळी चंद्रपूरहून मुद्दाम एसटीनेच निघालो. बल्लारपूर, कोठारी आणि पुढे इकडे. आमची गाडी बऱ्यापैकी रिकामी होती. समोरून चंद्रपूरकडे जाणाऱ्या गाड्या मात्र दारापर्यंत भरलेल्या. त्यातली निम्मी पोरं-पोरी पाठीवर दप्तर घेऊन उभी. काल रात्री गावात मुक्कामाला थांबलेली गाडी पहाटे सुटते, तिने तालुक्याला यायचं, तिथे दुसरी गाडी पकडायची, दोन-तीन तास कॉलेज करायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. याला आपल्याकडे शब्द आहे, अप-डाऊन. 'काय करतोस?' 'अप-डाऊन करतो.' शिकतो, असं कुणी म्हणत नाही. हे आम्ही अनेक वर्षं ऐकत आलो, पण त्याचा विचार निवृत्तीनंतर केला. तोच आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

प्रश्न जुना आहे. विद्यापीठ म्हणजे राहण्याची जागा की परीक्षा घेण्याची यंत्रणा? संस्कृतात विद्यार्थ्याला एक शब्द आहे, अंतेवासी. जवळ राहणारा. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपताना आचार्य जो उपदेश करतात तो अंतेवासीला करतात. म्हणजे शिकणं आणि गुरूजवळ राहणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं त्या भाषेला वाटलंच नव्हतं. पण त्याच परंपरेत दुसरीही गोष्ट आहे. एक मुलगा रानात राहतो, गुरूच्या आवाराबाहेर राहून शिकतो आणि परीक्षेच्या वेळी त्याचा अंगठा कापून घेतला जातो. आपल्या विद्यापीठांच्या भाषेत त्याला बहिःस्थ विद्यार्थी म्हणता येईल. वर्गात आम्ही हा विनोद करायचो. मुलं हसायची. मागच्या बाकावरची हसत नसत, हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

आता इतिहासाकडे येऊ. 1854 चा वुडचा खलिता आणि त्यानंतर 1857 मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तीन विद्यापीठं. यांचा नमुना ऑक्सफर्ड-केंब्रिजचा नव्हता, लंडन विद्यापीठाचा होता. 1836 ची सनद असलेलं ते विद्यापीठ शिकवण्याचं काम कॉलेजांवर सोपवून परीक्षा घेई आणि पदवी देई. सरकारला हे सोयीचं होतं. वर्गखोल्या नकोत, जेवणखाण नको, प्राध्यापकांचा पगार नको. एक सिनेट, एक रजिस्ट्रार आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. 'संलग्न महाविद्यालय' हा आपला शब्द या व्यवस्थेतूनच जन्मला.

या नमुन्यावर इंग्लंडातच टीका होत होती. कार्डिनल न्यूमन यांनी 1852 मध्ये डब्लिनला विद्यापीठावर व्याख्यानं दिली. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ती वाचावी लागत. त्यांचं म्हणणं असं की एकीकडे निवास नसलेलं, नुसती परीक्षा घेऊन पदवी देणारं विद्यापीठ असेल आणि दुसरीकडे प्राध्यापकही नाहीत, परीक्षाही नाही, फक्त तरुणांना तीन-चार वर्षं एकत्र ठेवून परत पाठवणारं विद्यापीठ असेल, तर दुसरंच अधिक चांगली माणसं घडवेल. आम्ही विद्यार्थी असताना हे वाचलं तेव्हा फार पटलं होतं. पटणारच. आम्ही नागपूरला वसतिगृहात राहत होतो, मेसचं जेवण आयतं मिळत होतं आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कांटवर वाद घालत होतो. त्या जेवणाचे पैसे कुठून येतात, हा प्रश्न कांटमध्ये नव्हता आणि आम्हालाही पडला नाही.

हिंदुस्थानात हा वाद 1917 ते 1919 च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने, म्हणजे सॅडलर आयोगाने, गंभीरपणे घेतला. निष्कर्ष असा की परीक्षा घेणारी अवाढव्य विद्यापीठं पुरे झाली. एका जागी शिकवणारी, निवासी विद्यापीठं हवीत. ढाक्याचं विद्यापीठ 1921 मध्ये त्या धोरणावर उभं राहिलं. बनारस हिंदू विद्यापीठ त्याआधीच, 1916 मध्ये, निवासी म्हणून निघालं होतं.

आणि आपण कुठे होतो? नागपूरला हिस्लॉप कॉलेज 1883 चं, मॉरिस 1885 चं. ही कॉलेजं आधी कलकत्त्याला जोडलेली, मग अलाहाबादला. तेव्हाचा चांदा जिल्हा सिरोंच्यापर्यंत पसरलेला. त्यातल्या मुलाने पदवी घ्यायची म्हणजे नागपूरला जायचं आणि प्रश्नपत्रिका गंगा-यमुनेच्या काठावरून यायची. 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ झालं. सॅडलरचा अहवाल ताजा असताना झालं, तरी सगळ्या मध्यप्रांतात विखुरलेली कॉलेजं सांभाळायची असल्याने ते मुख्यतः संलग्न स्वरूपाचंच राहिलं. याच प्रांतात 1946 मध्ये दुसरी वाट दिसते. डॉ. हरिसिंग गौर हे नामांकित वकील, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. त्यांनी आयुष्याची कमाई घालून आपल्या जन्मगावी, सागरला, विद्यापीठ काढलं. सुरुवात लष्कराच्या रिकाम्या बराकींत, मग टेकडीवर परिसर. तेही कॉलेजं संलग्न करत होतंच, पण त्याचं हृदय टेकडीवर होतं. विद्यार्थी तिथे जाऊन राहायचा. नागपूर आणि सागर, एकाच प्रांताच्या दोन कल्पना.

पण मित्रहो, इथपर्यंतचा इतिहास विद्यापीठांनी स्वतःविषयी सांगितलेला आहे. आमच्या मते महाराष्ट्रातला खरा इतिहास विद्यापीठाच्या भिंतीबाहेर घडला. तो वसतिगृहाचा आहे.

पुण्यात गरीब ब्राह्मण मुलगा शिकायला येई तेव्हा त्याच्यासाठी एक न लिहिलेली व्यवस्था होती. माधुकरी मागायची किंवा वार लावायचे. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. अपमान त्यातही होता, आम्ही तो कमी लेखत नाही. पण पोटाची सोय होती आणि ती जातीने लावलेली होती. ज्याला कुणी ओसरीवरही बसू देणार नाही त्या मुलाने वार कुणाकडे लावायचे? शाळेचं दार कायद्याने उघडलं तरी रात्री पाठ टेकायला जागा नसेल तर ते दार उघडून उपयोग नाही, हे ज्यांना सर्वांत आधी कळलं त्यांच्यात कोल्हापूरचे शाहू महाराज होते. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, नंतर एकेका समाजासाठी एकेक वसतिगृह. कोल्हापूर हे वसतिगृहांचं शहर झालं ते असं. जातवार वसतिगृहं काढली म्हणून त्यांच्यावर टीका होते. टीकेत तथ्य आहे. पण एकत्र स्वयंपाकघर त्या काळात किती दिवस टिकलं असतं, हेही विचारावं. भाऊराव पाटलांनी तोही प्रयोग केला. 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला, आणि कामं मुलांनीच करायची. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं.

बाबासाहेबांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. 1924 च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि 1925 च्या आरंभी सोलापूरला तिने वसतिगृह काढलं. लंडन आणि न्यूयॉर्कच्या दोन नामांकित विद्यापीठांत शिकून आलेला माणूस संघटना काढतो आणि तिच्या पहिल्या कामांत वसतिगृह असतं. पुढे 1950 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला त्यांनी महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद. नागसेनवनात वर्गांइतकंच महत्त्व वसतिगृहांना होतं. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेल्या मुलांची एक सबंध पिढी तिथे एकत्र जेवली, एकत्र वाचली, भांडली. दलित साहित्य, दलित चळवळ, यांचा उगम सांगताना नागसेनवनाचं नाव घ्यावंच लागतं. न्यूमन म्हणत होते ते असं इथे खरं झालं, ऑक्सफर्डपासून फार दूर.

वसतिगृहाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राहायला देतो तो संध्याकाळवर हक्क सांगतो. 1905 मध्ये विदेशी कापडांची होळी झाल्यावर सावरकरांना फर्ग्युसनच्या वसतिगृहातून काढून टाकलं आणि दहा रुपये दंड केला. अप-डाऊन करणाऱ्या मुलाला वसतिगृहातून काढता येत नाही, एवढं तरी स्वातंत्र्य त्याला आहे! मुलींच्या वसतिगृहांचे फाटक बंद होण्याचे तास आठवा. आजही अनेक ठिकाणी मुलींचं वाचनालय फाटकाच्या वेळेवर ठरतं.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने 1964 ते 66 मध्ये याचा हिशेब केला. पदवीच्या सुमारे 25 टक्के आणि पदव्युत्तर स्तरावरच्या 50 टक्के विद्यार्थ्यांची वसतिगृहात सोय व्हावी, असं आयोगाने म्हटलं. याच्या पुढची शिफारस मात्र कुणी लक्षात ठेवत नाही. जे वसतिगृहात राहत नाहीत त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्यासाठी दिवसाची अभ्यासकेंद्रं असावीत आणि तिथे स्वस्त उपाहारगृह असावं. म्हणजे आयोगाने येजा करणाऱ्या मुलाला पाहिलं होतं. त्याला बसायला टेबल आणि खायला काहीतरी हवं, इतकं साधं त्यांनी लिहून ठेवलं. साठ वर्षं होत आली. तुमच्या कॉलेजात दुपारी बारा ते साडेतीन, म्हणजे तास संपल्यापासून गाडी येईपर्यंत, मुलं कुठे बसतात ते एकदा बघा. बसस्थानकावर बसतात.

आता आपल्या मुलखाकडे. 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळं झालं, पण चंद्रपूर-गडचिरोली नागपूरलाच जोडलेले राहिले. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. गुणपत्रिकेतलं नाव दुरुस्त करायला माणसाने दोन दिवस आणि एक रात्र घालवायची. 27 सप्टेंबर 2011 ला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं, मुख्यालय गडचिरोली, कार्यक्षेत्र हे दोन जिल्हे. आम्हाला मनापासून आनंद झाला होता, आजही आहे. पण ते ज्या कायद्याखाली आणि ज्या साच्यात झालं तो 1857 चाच. दोनशेहून अधिक महाविद्यालयं संलग्न आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या आवारात शिकणारे त्या मानाने मूठभर. विद्यापीठ जवळ आलं म्हणजे नेमकं काय जवळ आलं? परीक्षा विभाग जवळ आला. तेही थोडं नाही. पण गोंडपिपरीची मुलगी सकाळी जी गाडी पकडत होती तीच पकडते.

या तालुक्याचा भूगोल तुम्हाला आम्ही काय सांगावा. एका बाजूला वर्धा, पलीकडे तेलंगण; दुसऱ्या बाजूला वैनगंगा, पलीकडे आष्टी आणि गडचिरोली जिल्हा. खाली दोन्ही मिळून प्राणहिता होतात. रेल्वे नाही, जवळचं मोठं स्टेशन बल्लारपूर. पावसाळ्यात पूर आला की रस्ता बंद, रस्ता बंद की कॉलेज बंद. धाबा, तोहोगाव, विठ्ठलवाडा, भंगाराम तळोधी, इकडची मुलं फाट्यावर उतरून पुढे चालत जातात. आणि चालायचा रस्ता वाघाचाही आहे. संध्याकाळी फाट्यावर टॉर्च घेऊन उभे असलेले बाप आम्ही पाहिले आहेत. मुलीचं शिक्षण कुठल्या इयत्तेत थांबेल हे अनेकदा गाडी किती वाजता येते यावर ठरतं. मानव विकास कार्यक्रमाच्या एसटी गाड्यांनी शाळकरी मुलींसाठी फार मोठं काम केलं. त्या गाड्या बारावीपर्यंतच्या मुलींसाठी. तेरावीला मुलगी तीच, रस्ता तोच, वाघही तोच.

इथे आम्हाला एक उलटी गोष्ट दिसते. जंगलातल्या सहा वर्षांच्या मुलासाठी सरकारने निवासी शिक्षणाची व्यवस्था केली. ठक्कर बाप्पांनी 1920 च्या दशकात दाहोदकडे भिल्ल मुलांसाठी आश्रमशाळा काढल्या. 1970 च्या दशकात महाराष्ट्र सरकारने ती कल्पना योजना म्हणून उचलली. हेमलकशाची लोकबिरादरी आश्रमशाळा 1976 ची. ज्या वयात मुलाला आईजवळ झोपायचं असतं त्या वयात आपण त्याला वसतिगृहात ठेवलं. बारा वर्षं तो निवासी. आणि अठराव्या वर्षी, जेव्हा घरापासून दूर, मित्रांबरोबर, ग्रंथालयाजवळ राहण्याने माणूस घडतो, तेव्हा त्याला सांगितलं, आता तुझं तू बघ. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आहेत, पण जागा कमी. जागा मिळत नाही त्याला खात्यात पैसे देण्याची स्वयम् योजना 2016-17 मध्ये आली. मग 2018 मध्ये वसतिगृहांतल्या मेसऐवजीही पैसे देण्याचं ठरलं, तेव्हा मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पैसे उशिरा येतात, भूक वेळेवर लागते. आणि घरी अडचण असली तर खात्यातले पैसे घरी जातात. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानवाल्यांना यात मोठा मुद्दा दिसतो. पंगत आणि भत्ता यांची रक्कम सारखी असली तरी त्या एक नव्हेत. भत्त्यावर मुलगा खोली करून राहतो, चौघांत एक स्टोव्ह, आणि अभ्यासापेक्षा भात-वरणात वेळ जातो. पंगतीत त्याच्या शेजारी दुसऱ्या तालुक्याचा, दुसऱ्या बोलीचा मुलगा बसलेला असतो.

अप-डाऊनची बाजूही मांडतो, नाहीतर हे नागपूरच्या वसतिगृहात राहिलेल्या म्हाताऱ्याचं स्मरणरंजन होईल. रोज घरी परतणारा मुलगा धानाच्या रोवणीला हजर असतो, मोहफुलांच्या दिवसांत पहाटे आईबरोबर जातो, तेंदूच्या हंगामात पुढच्या वर्षाच्या फीचे पैसे कमावतो. गावाच्या सभेत बसतो. मेंढा-लेखासारख्या गावाने वनहक्काचं जे काम उभं केलं ते गावात राहणाऱ्या माणसांनी केलं. आम्ही वसतिगृहातून शहाणे होऊन निघालो आणि बहुतेक जण गावाला परतलो नाही, हाही निवासी शिक्षणाचा निकाल आहे. अन्‌ रानातल्या समाजाला एकत्र राहून शिकणं माहीत नव्हतं असं समजू नये. गोटुल आहेच. बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर व्हेरियर एल्विन यांनी 1947 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्याकडच्या माडियांचं गोटुल थोडं निराळं, गावाची बैठकीची जागा म्हणून अधिक. पण मुद्दा असा की तिथे शिकायला गाव सोडावं लागत नव्हतं.

गोंडवाना विद्यापीठाने अलीकडे 'विद्यापीठ आपल्या गावात' हा उपक्रम सुरू केला. मुलांनी येण्याऐवजी वर्गच गावात न्यायचा, संध्याकाळी, काम आटोपल्यावर. आम्हाला हा प्रयोग आवडतो. त्याच्या मर्यादा उघड आहेत; प्रयोगशाळा गावात नेता येत नाही आणि शिकवणारा तिथे किती दिवस टिकेल हेही बघावं लागेल. पण कुणीतरी विचारलं की रोजचा प्रवास विद्यार्थ्यानेच का करायचा. तिकडे बल्लारपूरजवळ विसापूरला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं संकुल आलं आहे. मुलींच्या राहण्याची सोय तिथे किती होते यावर त्याचं यश आम्ही मोजू. इमारतीच्या उंचीवर मोजणार नाही.

शेवटी एक आमचीच गोष्ट. आम्ही ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तिथे चौथा तास आमचा असे. त्या तासाला पाच-सहा मुली नेहमी गैरहजर. 75 टक्के उपस्थितीचा नियम होता आणि आम्ही नियमाचे पक्के. एका वर्षी आम्ही तिघींना परीक्षेला बसू दिलं नाही. दोघींनी पुढच्या वर्षी परीक्षा दिली. तिसरीचं लग्न झालं. कित्येक वर्षांनंतर कॉलेजच्या शिपायाने बोलता बोलता सांगितलं, सर, त्या पोरींची गाडी तुमच्या तासाच्या आधी पंधरा मिनिटं सुटायची, पुढची गाडी अंधारात जायची. त्याला माहीत होतं. आम्ही रोज त्याच स्टँडसमोरून स्कूटरवर घरी जात होतो, आम्हाला माहीत नव्हतं. पुढे आम्ही एका अभ्यासमंडळावर आणि मग एका नियोजन समितीवरही होतो. तिथे वसतिगृह आधी की प्रशासकीय इमारत आधी असा प्रश्न आला तेव्हा आम्ही इमारतीच्या बाजूने बोललो. सभावृत्तांतात ते असेल.

2021 च्या ऑक्टोबरात, कोविडनंतर, महाविद्यालयं उघडली आणि आठवड्याभरात एसटीचा संप सुरू झाला. तो 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांविषयी आम्ही आज बोलत नाही, त्यांची दुःखं खरी होती. पण त्या काळात ज्याच्याकडे मोटारसायकल होती तो कॉलेजात गेला, आणि मोटारसायकल घरात असली तरी ती मुलाला मिळाली. तो एक हिवाळा कुणीतरी नीट अभ्यासायला हवा. कोणत्या गावातून कोण परत आलं नाही, याची यादी तालुक्याच्या हजेरीपुस्तकांत पडून आहे. इथे बसलेल्या तरुण प्राध्यापकांना आमची विनंती, ती यादी काढा. पीएच.डी.साठी विषय शोधत नागपूरला जाऊ नका.

घड्याळात सव्वाचार होत आहेत. मागच्या रांगेतल्या मुली आपसांत बघू लागल्या आहेत, म्हणजे गाडीची वेळ झाली. त्यांनी उठून जावं, संकोच करू नये. प्रश्न विचारायचे असतील तर आमच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत या. आम्हालाही तीच गाडी पकडायची आहे.